शेवंती हलत नाही

दामूभावजी गेले तेव्हा रेवदंड्याला उजाडत होतं आणि पनामात आदल्या दिवसाची दिवेलागण नुकतीच झाली होती. मार्ताला फोन मीच लावला. ही बाई तिकडे रानाच्या कडेला जखमी जनावरांचा दवाखाना चालवते, आणि माझा धाकटा दीर कित्येक वर्षं तिच्याबरोबर काम करत होता. तिला येतं स्पॅनिश, मला मराठी. मधल्या ओढ्यावर दोघींची मोडकी इंग्रजी फळीसारखी आडवी टाकलेली. पाचवीच्या पोरांना मी अर्धं आयुष्य इंग्रजी शिकवलं, तेही छडी घेऊन, आणि नेमक्या वेळी तोंडातून काय बाहेर पडलं? ‘दामू फिनिश.’ जसा काही ताटातला भात संपला. मग तिने विचारलं, ‘व्हेन?’ मी म्हटलं, ‘टुडे मॉर्निंग.’ फोन ठेवल्यावर लक्षात आलं की तिच्याकडे ती सकाळ अजून व्हायचीच होती. म्हणजे त्या देशात माझा दीर आणखी एक रात्र जिवंत होता म्हणायचा... त्याला हे फार आवडलं असतं. जन्मभर सगळीकडे उशिरा पोचलेला माणूस, मरणातही तिकडे अर्धा दिवस मागेच राहिला.

लोकांसमोर दामूभावजी, घरात नुसता दामू. मी या घरात सून म्हणून आले तेव्हा तो दहा वर्षांचा होता. आणि मी? माझं काय सांगू! अलिबागची मॅट्रिक पास मुलगी. जन्म कोळीवाड्यातलाच, पण मॅट्रिकचा निकाल लागला त्या दिवसापासून मला सुकटीचा वास सोसेनासा झाला होता. सासरी आल्यावर बरेच दिवस मी नाकाला पदर लावून हिंडत होते. सासूबाई शेजारणीला म्हणाल्या, ‘सून चांगली हाय गो, पन सर्दी लय जुनी दिसते.’ माझं चालणं भरभर, बोलणं भरभर, जेवणही भरभर. अख्ख्या किनाऱ्यावर आपल्याएवढं चलाख कोणी नाही, असा माझा ठाम समज. आणि त्याच घरात हा मुलगा. त्याची एक भाकरी संपेपर्यंत माझी भांडी घासून व्हायची. हाक मारली की ‘ओ’ यायला वेळ, आणि ‘ओ’ आल्यावर मान वळायला आणखी वेळ. मी त्याचं नाव गोगलगाय ठेवलं आणि चारचौघांत तसंच हाकारायलाही लागले. मोठी विनोदी बाई ना मी!

एका दुपारी मी त्याला पडवीत बसवलं आणि सांगितलं, ‘डोळे मिट. तुझ्या डोक्यावर खंड्या येऊन बसलाय. हललास तर उडेल.’ आणि गेले बाजारात. तिथे मावशा भेटल्या, बांगड्या भरल्या, गप्पा झाल्या, खंड्याबिंड्या सगळं विसरले. परत आले तर पोर तसंच. डोळे मिटलेले, मान ताठ, नाकावर माशी. माझी पावलं ऐकून ओठ न हलवता त्याने विचारलं, ‘वैनी, हाय का गेला?’ मी हसता हसता खाली बसले. तो हसला नाही. रागावलाही नाही. पण त्या दिवसापासून मी काहीही सांगितलं, अगदी जेवायला वाढलंय म्हटलं, तरी आधी विचारायचा, ‘वैनी, खरं का थट्टा?’ केस पिकले तरी विचारायचा.

असा मुलगा दर्यावर काय कामाचा? आमच्या ह्यांनी त्याला एकदा होडीवर नेलं. जाळं ओढायच्या वेळी हा पाण्याकडे टक लावून बसलेला. का, तर तिथे एक कासव दिसलं होतं आणि ते श्वास घ्यायला परत वर येईल म्हणून हा थांबला होता. किनाऱ्याला लागल्यावर हे म्हणाले, ‘ह्याला घेऊन निघायचं म्हंजे नांगर टाकूनच निघायचं.’ दामूला एकच काम मनापासून आवडायचं, दोराचं. सांधायचा, वळायचा, गाठी मारायचा. वाळूत बसला की ओहोटीची भरती झालेली त्याला कळायची नाही. न्हावा शेव्याचं बंदर झालं तेव्हा तिथे जहाजांचे दोर बांधायच्या-सोडायच्या कामाला लागला, आणि तिथून कधीतरी एका मालवाहू जहाजावर खलाशी म्हणून चढला. निघताना सगळे रडले. मी म्हटलं, ‘रडता कशाला, तो धक्क्यावर पोचेपर्यंत जहाज सुटलेलं असेल.’ पण त्या दिवशी मात्र तो वेळेवर पोचला.

पनामाच्या कालव्यात शिरायला जहाजांची रांग असते. त्या रांगेत थांबलेले असताना दामू शिडीवरून पडला आणि मांडीचं हाड मोडलं. त्याला किनाऱ्यावरच्या इस्पितळात ठेवून जहाज पुढे गेलं. खिडकीसमोर एक झाड होतं आणि झाडात एक मळकट गाठोडं अडकलेलं. त्याला वाटलं, मुंग्यांचं घर असेल. पाय प्लास्टरमध्ये, भाषा येत नाही, बघायला दुसरं काही नाही. म्हणून त्या गाठोड्याकडेच बघत राहिला. दोन-तीन दिवसांनी गाठोड्याने एक लांब हात बाहेर काढला, शेजारची फांदी धरली आणि पुन्हा गाठोडं झालं. त्या आठवड्यात त्याचा घरी फोन आला. मला वाटलं, पायाचं सांगेल. तर म्हणतो कसा, ‘वैनी, हितं माज्यापेक्षा हळू एक जना हाय.’ आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला विचारलं, ‘खरं का थट्टा?’

त्या प्राण्याला स्लॉथ म्हणतात. आपल्याकडे तो नाही, त्यामुळे त्याला आपलं असं नावही नाही. लहानशा कुत्र्याएवढं अंग, लांबलचक हात, बोटांच्या जागी गळासारख्या वाकड्या नख्या, आणि चेहरा असा की नुकतीच कोणीतरी चांगली बातमी सांगितलीय. झाडाला उलटं लटकून जन्म काढायचा. पानं खायची, आणि खाल्लेलं पान पचायला कित्येक दिवस. पावसाळी रानात केसांवर हिरवं शेवाळ धरतं, त्या शेवाळात बारीक पतंग राहतात. म्हणजे एका प्राण्याच्या अंगावर सगळी वाडीच. आठवड्यातून एकदा तो झाडावरून खाली उतरतो, आणि ते कशाला, तर परसाकडे. हे ऐकून मी फोनवर इतकी हसले की शेजारीण धावत आली. दामू म्हणाला, ‘हसू नको वैनी. मरतात ती तवाच.’ वर असेपर्यंत दिसत नाहीत. खाली आलं की पळता येत नाही, झगडता येत नाही. का उतरतात, फांदीवरूनच का उरकत नाहीत, हे शास्त्रज्ञांनाही अजून नक्की ठाऊक नाही म्हणे. मी म्हटलं, ‘इतकं आळशी जनावर आजवर टिकलं कसं?’ तो गप्प. फोन कटला असं समजून मी ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. ‘आळशी न्हाय. पानात असून असून कितीसं बळ असनार? तेवढंच खर्च करतं. आनि हललं न्हाय म्हंजे दिसत न्हाय. दिसलं न्हाय म्हंजे जगलं.’

रस्त्याला हा नियम लागू पडत नाही, हे त्याला तिथे राहिल्यावर कळलं. रान मधोमध चिरून डांबरी रस्ता झाला की अर्धी झाडं अलीकडे राहतात, अर्धी पलीकडे. स्लॉथला फांदीवरून फांदीवर जायचं असतं. फांदी नसली की तो विजेची तार धरतो आणि जळतो. नाहीतर रस्त्यावर उतरतो, आणि पोटावर सरपटत पलीकडे जाईपर्यंत गाडी येते. काही पिल्लं लोक उचलून नेतात, पर्यटकांच्या गळ्यात घालून फोटो काढायला. ती हसरी दिसतात ना! भीतीने गोठलेली असतात तेव्हाही हसरीच दिसतात. पाय बरा झाल्यावर दामू मार्ताच्या दवाखान्यात सुतारकाम, पिंजरे, दोर असलं पडेल ते करायला राहिला. जहाजावर परत गेला नाही. मार्ता कोण, असं मी विचारलं तेव्हा त्याने उत्तर द्यायला चांगले तीन दिवस घेतले. ‘डाक्टर हाय, जनावरांची.’ मी म्हटलं, ‘माणसांचीपण करते का?’ त्यावर आजतागायत उत्तर आलेलं नाही.

मधून मधून तो घरी यायचा. एकदा वाळूत बसून त्याने सगळ्यांना मोबाइलमध्ये फोटो दाखवले. एक म्हातारा म्हणाला, ‘हे वांदर हाय का अस्वल?’ दुसऱ्याने विचारलं, ‘कालवन करतात काय रं ह्याचं?’ दामूने दोघांनाही तितक्याच शांतपणे नाही म्हणून सांगितलं. मग त्याला घेऊन आम्ही किहीमला एका लग्नाला गेलो. वाटेत नारळीपोफळीच्या वाड्या साफ करून बंगले उठलेले, आणि फलकांवर लिहिलेलं, ‘झाडांच्या सावलीतलं घर’. दामू गाडीच्या खिडकीतून वरच बघत होता. मी म्हटलं, ‘काय शोधतोस? इथे तुझं गाठोडं मिळायचं नाही.’ म्हणाला, ‘हितल्या जनावरांनी कुठून जायचं, ते बघतो.’

आणि मग त्याने तिकडे दोर बांधायचं मनावर घेतलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या झाडांना, गाड्यांच्या वर, जाड दोर. म्हणजे जनावर झाडावरून झाडावर जाईल. पहिला दोर त्याने स्वतः वळला. आमच्या किनाऱ्यावर नवा दोर कोरडा कामाला लावत नाहीत. होडीच्या फळ्यांना लावतात तसं मुशीच्या, म्हणजे लहान शार्कच्या, काळजाचं तेल कढवून त्यालाही चोळायचं, म्हणजे पाऊस लागत नाही, दोर कुजत नाही. मग हळदकुंकू लावून नारळ फोडायचा. सासरे असंच करत, ह्यांनीही असंच केलं. दामूने तिथल्या मच्छीमारांकडून मुशीची काळजं आणली, तेल कढवलं, दिवसभर दोराला चोळलं, नारळ फोडला आणि दोर चढवला. आम्हाला फोटो पाठवला. कोळीवाडा खूश. ‘दामूनं परदेशात आपली रीत सोडली न्हाय,’ असं जो तो म्हणत होता. मीही दहा जणींना तो फोटो दाखवत हिंडले. माझ्या भाषणात तर दामूने दोर नाही, पूलच बांधला होता, नुसतं शिमिट तेवढं लावायचं राहिलं होतं.

पावसात ते तेल ठिबकायला लागलं. झाडाच्या बुंध्याशी, रस्त्याच्या कडेला, गवतात. माशाच्या वासाने गावातली मोकाट कुत्री तिथे जमू लागली. माती चाटायची, उकरायची, तिथेच झोपायची. कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण लक्ष सगळ्यांचं वर, दोराकडे. आठवड्याची वेळ झाली तशी एक मादी त्याच झाडावरून खाली उतरली. पोटाला पिल्लू. सकाळी दामू तिथे पोचला तेव्हा... त्याने मला ते नीट कधी सांगितलं नाही आणि मीही खोदून विचारलं नाही. त्या दिवशी त्याचा फोन आला. एकच शब्द, ‘तेल.’ आणि फोन ठेवला. मला काही कळेना. तेल संपलं का, पाठवू का, असं मी विलासला, माझ्या मुलाला, विचारत बसले. उरलेली हकीकत दोन दिवसांनी कळली. तोवर त्याने दोर उतरवून जाळला होता, बुंध्याभोवतीची माती खणून फेकली होती, आणि नवा, कोरडा, बिनतेलाचा दोर दुसऱ्याच झाडांना चढवला होता.

पिल्लू वाचलं. गवतात उडून पडलेलं, डोळे उघडे, ओरडतही नव्हतं. मार्ताने टाके घातले, दामूने वाढवलं. शेळीचं दूध, मग जास्वंदीची फुलं, मग देशी बदामाची कोवळी पानं. पिल्लाला आईचे केस धरायची सवय असते, म्हणून त्याने काथ्याचा एक जाड गुंडा करून दिला. पिल्लूही मादीच, ती त्या गुंड्याला रात्रंदिवस लटकलेली. तिचं नाव त्याने शेवंती ठेवलं. शेवंती हे माझं नाव. मी लटक्या रागाने म्हटलं, ‘जनावराला वहिनीचं नाव देतोस? लाज नाही वाटत?’ म्हणाला, ‘थोरल्या वैनीचं नाव घेता येत न्हाय. जलमात कधी घेतलं न्हाय. आता दिवसाला पन्नास येळा घेतो.’ मग थोडं थांबून, ‘आनि ती चावते पन.’

पुढची हकीकत थोडी. रानात सोडायला तयार व्हायला शेवंतीला खूप दिवस लागले. आईबरोबर असती तर कुठलं पान केव्हा खायचं, थंड पाऊस लागला की उन्हासाठी कुठल्या फांदीवर चढायचं, हे सगळं तिला पोटाशी लटकून आपोआप कळलं असतं. माणसाने वाढवलेल्याला ते शिकवावं लागतं, आणि दामू किती शिकवणार? तो काही झाडावर राहत नव्हता. शेवटी तिच्या गळ्यात एक पट्टा घातला, त्यातलं यंत्र दूरवरून ती कुठे आहे ते सांगायचं, आणि तिला सोडलं. त्याच सुमारास दामूचं जेवण बंद झालं. पोटात गाठ निघाली. मार्ताने त्याला विमानात बसवलं आणि विलास मुंबईहून त्याला घरी घेऊन आला. पडवीतून आत आला तेव्हा त्याचे कपडे तेवढे ओळखू येत होते. मुंबईच्या डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं, आता फक्त दुखू द्यायचं नाही.

दामूने स्वतःबद्दल काही विचारलं नाही. त्याला एकच जाणून घ्यायचं होतं: शेवंती वर टिकली का. ‘जमिनीवर न्हाय ना गावली, तेवढंच सांगत जा,’ म्हणायचा. तिचा जीव वाचला तर आईच्या मरणाचं थोडंतरी फिटेल, असं त्याने कधी बोलून दाखवलं नाही. पण रोज सकाळी माझ्या हातातल्या मोबाइलकडे तो ज्या नजरेने बघायचा, त्यात ते सगळं होतं. मार्ता स्पॅनिशमध्ये लिहायची, मोबाइल त्याचं मराठी करून द्यायचा. कसलं मराठी! ‘शेवंती आज आनंदी पान आहे.’ मी ते तस्संच मोठ्याने वाचायची आणि दामूच्या गालावर थोडं हसू यायचं. मग एके दिवशी आलं, ‘शेवंती हलत नाही. पट्टा एकाच जागी. पाऊस.’

मी घाबरले. दामू नाही. ‘न हलनं म्हंजे काय वाईट न्हाय वैनी. पोट जड असेल. पाऊस हाय तवर कशाला हलंल?’ दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. विचार करा, दुसरं कुठलं जनावर असतं तर एव्हाना काय ते कळलं असतं. हिचं जिवंत असणंही असंच आणि नसणंही असंच. खालून काही दिसत नव्हतं, झाड उंच, पाऊस थांबेना, वर चढता येईना. दामू खाटेवर पडून छताकडे बघत तिची बाजू मांडत राहायचा. आणि मधेच म्हणायचा, ‘थंडी मात्र वाईट.’ त्यानेच मला पूर्वी सांगितलं होतं: पान पचवणारे जिवाणू तिच्या पोटात असतात, ते उबेवर जगतात. फार दिवस थंड पाऊस लागला की ते मरतात. मग जनावर पानं खात राहतं, पोट टम्म भरतं, आणि भरल्या पोटी उपासाने मरतं. मी पेजेचा चमचा त्याच्या तोंडाशी नेत होते. दोन घोटांवर त्यालाही काही जात नव्हतं.

पाऊस ओसरल्यावर मार्ताचा एक माणूस झाडावर चढला. सकाळी मोबाइलवर आलं. विलासने माझ्या आधी वाचलं आणि मला स्वयंपाकघरात गाठलं. ‘आई, काकाला सांगू नकोस. आता किती दिवस राहिलेत त्याचे? पानं खातेय म्हण, उन्हात बसलीय म्हण. तुला काय, तू कितीतरी थापा मारल्यास त्याला.’ खरंच होतं. त्या घरात खोटं बोलायला माझ्याइतकी लायक बाई दुसरी नव्हती. मी पेज ढवळता ढवळता सगळं रचलंसुद्धा: ऊन पडलंय, बदामाचं झाड, कोवळी पालवी. वाटी घेऊन त्याच्यापाशी बसले आणि वाट बघत राहिले. तो विचारेल, ‘वैनी, खरं का थट्टा?’ आणि मी म्हणेन, ‘खरं रे बाबा.’ त्या दिवशी त्याने विचारलंच नाही. नुसता बघत राहिला. विचारणाऱ्याची थट्टा करता येते हो. न विचारणाऱ्याची कशी करायची? मी म्हटलं, ‘दामू, शेवंती गेली.’

पेज गार झाली, तिच्यावर साय धरली. दुपारी त्याने विचारलं, ‘कुठं गावली?’ मी सांगितलं, झाडावरच. पार शेंड्याजवळ. लटकलेली होती, नख्या सुटल्या नव्हत्या. फांदीसकट कापून खाली आणली. ‘पोट?’ ‘भरलेलं.’ उन्हं कलली तेव्हा म्हणाला, ‘वैनी, मार्ताला इचार. हिरवी होती का?’ मला अर्थ कळेना. त्याने दम घेत घेत सांगितलं. पिंजऱ्यातल्या स्लॉथच्या अंगावर शेवाळ धरत नाही, कोरडी राहतात, उदी. रानाच्या पावसात, रानाच्या झाडांवर बरेच दिवस काढले तरच केस हिरवे होतात. मी विचारून ठेवलं. तिकडे अजून पहाटच होती, आणि मार्ता त्या दिवशी दुसरीकडे कुठेतरी गेलेली. दुसरा दिवस उजाडेपर्यंत दामू छताकडे बघत पडून राहिला. औषधाने झोप येऊ नये म्हणून गोळीही घेतली नाही, आणि ते दुखणं कसलं होतं ते मी बघितलंय.

उत्तर आलं. मी वाचलं, ‘होय. हिरवी. पाठ पूर्ण हिरवी.’

मला वाटलं, आता हसेल. तो हसला नाही. म्हणाला, ‘म्हंजे रानाची झाली होती.’ मग बऱ्याच वेळाने, ‘आई असती तर उन्हाला कुठं जायचं ते तिनं दावलं असतं.’ आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, तेही सावकाश, एकेक करून. मी ते पुसलं नाही. काय सांगू त्याला? तुझा दोष नाही म्हणू? आमच्या सगळ्या किनाऱ्याने वर्षानुवर्षं तेच तेल लावलंय म्हणू? तेही त्याला ठाऊक होतंच, आणि ठाऊक असून काही फरक पडत नव्हता. मी गोळी आणि पाणी पुढे केलं. या वेळी त्याने घेतलं.

त्यानंतर काही दिवसांनी तो गेला. विलासची बायको लोकांना सांगते की काका झोपेतच गेले, चेहऱ्यावर इतकी शांती होती. थाप आहे. पहाटे त्याला परसाकडे जायचं होतं. मी त्याला धरून नेलं, परत आणत होते. पडवीचा उंबरा आला. मी नेहमीसारखी घाईत, ‘चल चल, गार वारा आहे, चल.’ तो म्हणाला, ‘वैनी, जरा थांब.’ मी थांबले. तो माझ्या खांद्यावर हळूहळू जड होत गेला... इतका हळू की कधी गेला ते मला नेमकं सांगता येणार नाही. विलास बाहेर आला तेव्हा मी तशीच उभी होते.

गेल्या आठवड्यात मार्ताने एक व्हिडिओ पाठवला. धुकट सकाळ, ओला रस्ता, दोन्हीकडे काळं रान, आणि वर आडवा दामूचा दोर, तो दुसरा, कोरडा. रस्त्यावरून एक ट्रक जातो. मग डाव्या बाजूच्या पानांतून एक हात बाहेर येतो आणि दोर धरतो. मग दुसरा हात. मग उलटं लटकलेलं सगळं अंग, आणि त्याच्या पोटावर, नीट बघितलं तर, आणखी एक छोटं डोकं. मार्ताने लिहिलंय, ‘आमच्याकडची नाही. ओळखत नाही. रान.’ ती एक हात पुढे टाकते, थांबते, दुसरा टाकते. रस्त्याच्या बरोबर मध्यावर येते आणि व्हिडिओ संपतो.

संध्याकाळी देवापाशी दिवा लावून झाला की मी दामूच्या खाटेवर बसते आणि तो व्हिडिओ लावते. संपला की पुन्हा लावते. काल विलास म्हणाला, ‘आई, किती वेळा बघशील? पुढे काही नाहीये त्यात.’

मी म्हटलं, ‘तू जा, जेवून घे. तिला वेळ लागतो.’